सोसायटीची भाऊबीज

क्लबहाउसच्या लांब टेबलावर सव्वीस डबे होते. सतरा प्लास्टिकचे, सात मिठाईच्या दुकानांतले पुठ्ठ्याचे, दोन आइस्क्रीमचे. दिवाळी संपून तिसरा रविवार होता. घराघरांतून उरलेला फराळ गोळा झाला होता आणि तो लावून ठेवायचं काम माझ्याकडे आलं होतं. चिवडा जवळजवळ सगळ्यांनी दिला होता, पण काजू आणि खोबऱ्याचे काप वेचून घेऊन. अनारशांवर पांढुरकी बुरशी होती. बेसनाच्या एका लाडवाला चावा घेतलेला होता. वरच्या चार दातांच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या. तो मी बाजूला काढला. कमिटीच्या मंदाकिनीमावशींनी तो उचलला, तळहातावर पुन्हा गोल वळला आणि डब्यात ठेवून दिला.

"मावशी, हे खवट झालंय. वास तरी घ्या."

"कादंबरी, तू अन्न तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करतेस ते माहितेय आम्हाला. त्यांना काही होत नाही. सवय असते."

'त्यांना' म्हणजे आमच्या सोसायटीत जिने पुसणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, नवऱ्यावाचून मुलं वाढवणाऱ्या बायका. त्यांच्यासाठी वाघोलीतल्या आमच्या सोसायटीने भाऊबीज ठेवली होती. बायकांनी कमिटीतल्या पुरुषांना ओवाळायचं, पुरुषांनी ओवाळणी म्हणून फराळाचा डबा द्यायचा, फोटो काढायचे. न येण्याची सोय नव्हती. या बायकांच्या मुलांना संध्याकाळी क्लबहाउसमध्ये अभ्यासाला बसू देतात, आणि कोणाला बसू द्यायचं ते अध्यक्ष श्यामसुंदरकाका ठरवतात.

आमच्या इमारतीचे जिने पुसणाऱ्या दीपालीताईंची मुलगी अपेक्षा यंदा दहावीला आहे. घर म्हणजे पत्र्याची एक खोली, भिंतीला लागून वेल्डिंगचं दुकान. तिथे पुस्तक उघडून उपयोग नसतो.

बायका मुलांना घेऊन जमल्या. मंदाकिनीमावशींनी माइक घेतला.

"विधवा इकडे, टाकलेल्या तिकडे. विधवांनी ओवाळायचं नाही हं, नुसता डबा घ्यायचा."

एकही मान वर झाली नाही. बायका मुकाट्याने दोन बाजूंना झाल्या. दीपालीताई मध्येच उभ्या राहिल्या.

"दीपाली, तुझा नवरा गेलाय ना गं?"

"गेलाय."

"मग इकडे ये."

"मेला नाही, बाई. दापोडीला गेलाय. तिथं दुसरी केलीय त्यानं."

खुर्च्यांवरची माणसं हसली. श्यामसुंदरकाका पाटावर बसत म्हणाले, "चला, म्हणजे आमचं औक्षण वाचलं!"

दीपालीताईंनी कुंकू लावलं, ओवाळलं. काकांनी डबा दिला. फोटो काढणारा केयूर म्हणाला, "मावशी, एक लाडू लेकीला भरवा ना. भारी येईल."

झाकण उघडलं आणि वास माझ्यापर्यंत आला, जुन्या ऑइलपेंटचा असतो तसा. अपेक्षाने तोंड उघडलं होतं. दीपालीताईंचा हात मध्येच थांबला.

"नको. तिचं पोट बिघडलंय, काका."

"अगं, एका लाडवानं काय होतंय? भावाच्या घरचं आहे. का आमच्या घरचं चालत नाही तुला?" काका हसतच बोलत होते. मग अपेक्षाकडे वळले. "काय गं, उद्या अभ्यासाला यायचंय ना?"

अपेक्षाने आईकडे पाहिलं. दीपालीताईंनी लाडू स्वतःच्या तोंडात कोंबला, अख्खा. जबडा हलत राहिला, डोळ्यांत पाणी आलं, गिळताना मानेच्या शिरा ताणल्या. घास संपला तसा केयूर म्हणाला, "मावशी, जरा हसा की." त्या हसल्या. दातांना पिवळा चुरा चिकटला होता. टाळ्या पडल्या. कोणीतरी म्हणालं, "बघा, किती आवडीनं खाल्ला."

नंतर त्या मागच्या नळावर चुळा भरताना दिसल्या.

"दीपालीताई, तो डबा मला द्या. मी तपासते आणि रिपोर्ट सोसायटीच्या ग्रुपवर टाकते. कळू दे सगळ्यांना."

"कळल्यावर काय करतील?"

मी नळ बंद केला.

"माझ्या पोरीला हाकलतील. तपासा तुम्ही, ताई, तुमची हौस म्हणून. ग्रुपवर नका टाकू. मार्चपर्यंत तरी नका. तिथं टेबल आहे, पंखा आहे, डोक्यावर लाइट आहे." त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि डबा माझ्या हातात दिला. "आणि माझा लाडू तर झाला ना खाऊन."

सोमवारी जिने कोरडेच राहिले. आईला रात्रभर उलट्या झाल्याचं अपेक्षाने दारात येऊन सांगितलं. सोसायटीच्या ग्रुपवर आधी दीपालीताईंच्या हसऱ्या तोंडाचा फोटो आला, खाली श्यामसुंदरकाकांचा जोडलेल्या हातांचा इमोजी. त्याच्याखाली मंदाकिनीमावशींनी लिहिलं, 'न सांगता सुट्टी! यांचे लाड केले की हे असं.' त्यावर बावीस अंगठे उमटले.

अपेक्षा संध्याकाळी क्लबहाउसमध्ये आली. तिला तिचं टेबल मिळालं.

मी डब्यातले उरलेले लाडू लॅबमध्ये नेले आणि त्यांतला डालडा वेगळा काढला. तेलातुपाचा खवटपणा मोजायला पेरॉक्साइड व्हॅल्यू नावाचा आकडा असतो. खाण्याच्या तेलासाठी त्याची मर्यादा दहा आहे. तीनदा मोजलं. सरासरी त्रेसष्ट आली. रिपोर्टवर तारीख घातली आणि तो मार्चपर्यंत खणात ठेवला.