अर्ध्यावर थांबलेला अर्थ

मित्रांनो, अमडापूरच्या वाचनालयात खिडकीजवळच्या फळीवर जाडजूड, पाठ शिवलेलं जे पुस्तक दिसतं, तो मी, एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश. पुण्याच्या छापखान्यातून आलो तेव्हा माझ्या कापडी पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं होती. नोकरीचे अर्ज लिहिणारे, बारावीची मुलं, पोस्टमनसुद्धा मला चाळत. मला हात लावायला नंबर लागत असे. पुढे मोबाईल आले. एका वर्षी वरचा पत्रा गळला, माझी शेवटची पानं भिजून एकमेकांना चिकटली, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

गेल्या वर्षी एका दुपारी दयाराम आणि त्याची लेक पूनम आले. दयाराम लग्नात नवरदेवासाठी घोडी देतो. पूनम खो-खो खेळते. बुलडाण्याच्या शिबिरातल्या मॅडमनी तिला क्रीडा वसतिगृहात पाठवा म्हणून इंग्रजीत पत्र दिलं होतं. त्यात भरपूर कौतुक होतं आणि शेवटी एक ओळ, की मैदानावर पूनम 'अनब्रायडल्ड' असते. मोबाईलनं त्याचा अर्थ बेलगाम सांगितला. तेव्हापासून दयारामनं संमतीच्या कागदावर सही करायचं थांबवलं होतं. दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती. पुस्तकात वेगळं काही निघेल, या आशेनं पूनमनं त्याला इथवर आणलं होतं.

तिनं मला उघडलं. पानाच्या अगदी तळाशी तो शब्द होता आणि समोर दोनच अर्थ होते. बेलगाम, स्वैर. मित्रांनो, मला माझ्याच शाईची लाज वाटली.

"पुस्तकबी तेच म्हणते," दयाराम हळूच म्हणाला. "बेलगाम घोडीवर मी कोनाचा नवरदेव बसवत नाही. मंग पोरीले एवढ्या दूर कसा धाडू?"

वाचनालय सांभाळणाऱ्या अजीजुन्निसा आपा उठून आल्या. त्यांनी माझं पान बोटांत धरून पाहिलं.

"थांबा दयारामभाऊ. मतलब अजून संपला नाही. मागचं पान चिकटलं आहे."

त्यांनी पातळ पट्टी आत सरकवली. एकेक बोट पुढे जात, फुंकर घालत, त्यांनी दोन्ही पानं सोडवली. एक कोपरा फाटला, पण अक्षरं शाबूत राहिली. मग त्यांनी मोठ्यानं वाचलं: आवर न घातलेला. राग, लोभ यांविषयी वाईट अर्थानं. आनंद, हसू, उत्साह यांविषयी चांगल्या अर्थानं, मोकळा, भरभरून.

दयाराम लेकीकडे वळला.

"सांजच्याले लगाम काढला का आपली घोडी वावरात पयते," तो पूनमला म्हणाला, "तसं का?"

"हो बाबा. तसंच."

टेबलावर वह्या पसरल्या होत्या, म्हणून त्यानं कागद माझ्याच पुठ्ठ्यावर ठेवला आणि दाबून सही केली.

पूनम आता वसतिगृहात आहे. आपांनी माझी उसवलेली पाठ शिवून दिली. त्या हातांचे उपकार मी विसरणार नाही. मित्रांनो, पुस्तकांना ओलीपासून जपा. आणि एखादा शब्द कुणाचं मन मोडायला आला, तर पान उलटून पाहा.

दयारामच्या सहीचा वळ माझ्या पुठ्ठ्यावर उमटला आहे. माझी सोनेरी अक्षरं पुसून गेली, पण तो वळ अजून बोटाला लागतो.