चि. रोहन यास

चौदापैकी अकरा मुलं जिवंत निघाली, तर डॉ. नम्रता ओव्हाळ यांच्या पदरात काय पडणार होतं, ते आधीच सांगून टाकू. मागाहून कुणाचा गैरसमज नको. तिसऱ्या मजल्यावर काचेच्या दाराची नवी प्रयोगशाळा, एका सॉफ्टवेअरवाल्यानं आईच्या स्मरणार्थ बांधून द्यायची कबूल केलेली. हाताखाली दोन माणसं. आणि बाईंनी कुणापाशी बोलून दाखवलं नसतं असं आणखी एक: विभागप्रमुख डॉ. रंगराव सरदेशमुख यांच्या खोलीवरून मान न वळवता चालत जाण्याचं सुख. नम्रताबाईंच्या कामाला रंगराव गेली आठ वर्षं 'लघवीची बँक' म्हणत आले होते. नावात तथ्य होतं, म्हणून ते जास्त लागायचं.

ज्या साली अर्धं पुणं अमेरिकेच्या व्हिसाच्या रांगेत उभं होतं, त्या साली बाई उलट्या दिशेनं परत आल्या. येताना एक प्रश्न घेऊन आल्या. तान्ह्या मुलांच्या मज्जातंतूंच्या कोवळ्या पेशींत एक कर्करोग होतो. डॉक्टर त्याला न्यूरोब्लास्टोमा म्हणतात, आयाबाया 'पोटातली गाठ' म्हणतात. रोग मोठा लहरी. तान्ह्या पोरात कधी आपला आपण विरघळतो, आणि चार वर्षांच्या पोरात कशालाच बधत नाही. गाठ विरघळणारी की दांडगट, हे लघवीच्या आणि पेशींच्या तपासणीवरून आधीच ओळखता आलं, तर मऊ गाठींच्या मुलांना आठऐवजी चार वेळाच औषध देऊन भागेल का? हा तो प्रश्न. औषध गाठ जाळतं हे खरं, पण जाता जाता मुलाच्या कानांतूनही काही घेऊन जातं. बारीक आवाज ऐकू येईनासे होतात, ते कायमचे.

हॉस्पिटलनं त्यांना एक जुनी अडगळीची खोली दिली. तिथल्या फ्रिजमध्ये बाटल्या साठत गेल्या. तीन वर्षांत एकेचाळीस मुलांना अर्ध्या औषधावर ठेवलं. आता पाच वर्षं थांबून एवढंच बघायचं होतं, की त्यातली किती जगली.

बघण्यासाठी बाईंनी जोडकार्डं छापून घेतली. दरवर्षी घरोघरी एक जाणार. त्यातलं एक कार्ड वाचायचं, दुसऱ्यावर खुशाली लिहून परत टाकायचं. हॉस्पिटलचा कारकून वर 'रुग्ण क्र. ३१' असं टाकणार होता. बाईंनी त्याला थांबवलं. रुग्ण म्हणजे आकडा नव्हे, हे त्या परदेशात शिकून आल्या होत्या. म्हणून प्रत्येक कार्डावर ठळक अक्षरांत मुलाचं नाव आलं. 'चि. रोहन यास अनेक आशीर्वाद.' या कार्डांचा त्यांना अभिमान होता, आणि तो लपत नसे.

२००४ साली बेरीज झाली. चोवीस जिवंत, तीन मृत, चौदा बेपत्ता. दिल्लीच्या ज्या समितीनं ही पद्धत देशभर लागू करायची की नाही ते ठरवायचं होतं, तिचा नियम सरळ होता. जो सापडत नाही तो गेला असं धरायचं. चोवीस आकड्यावर अर्धं औषध म्हणजे अर्धवट औषध ठरत होतं. पस्तीस लागत होते.

"नम्रताबाई," रंगराव चहा ढवळत म्हणाले, "हरवलेल्या तिकिटाला लॉटरी लागली असं धरा, असं म्हणताय आपण."

समाजसेवा विभागातल्या मच्छिंद्रला बाईंनी कामाला लावलं. तो बिबवेवाडीपासून हडपसरपर्यंत दुचाकीवर फिरला. जिथं शेत होतं तिथं काचेच्या इमारती आल्या होत्या आणि माणसं सरकत सरकत त्यांच्या मागं गेली होती. तरी त्यानं पत्ते काढले. पण दारात जाऊन मुलाचं नाव घेतलं की माणसं मान हलवायची. असं कुणी इथं राहत नाही, म्हणायची. एका बाईनं तर त्याच्या तोंडावर दार लावलं. तीन आठवड्यांनी त्यानं कोऱ्या याद्या परत आणून दिल्या.

रविवारी येरवड्याला घरी बाईंनी ते सगळे कागद वडिलांसमोर पसरले. धोंडिबा ओव्हाळ टपालखात्यात सॉर्टर म्हणून निवृत्त झालेले. सत्तरी उलटली तरी कार्ड हातात आलं की आधी शिक्का बघायचे. तीन 'मृत' मुलांपैकी एकाचं कार्ड त्यांनी उचललं. त्यावर लिहिलं होतं : मुलगा वारला. पुन्हा पत्र पाठवू नये.

"हे खोटं आहे," ते म्हणाले.

"कशावरून?"

"कोपरा कुठं फाडलाय? आपल्याकडं मरणाचं कार्ड कोपरा फाडल्याशिवाय कुणी पेटीत टाकत नाही. पस्तीस वर्षं हातातून गेलीत. आणि पोराचं नावही लिहिलेलं नाही." त्यांनी कार्डाची दुसरी बाजू बघितली. "हे वर नाव छापायची अक्कल कुणाची?"

"माझी."

म्हाताऱ्यानं कार्ड ठेवून वाटाणे सोलायला घेतले. मग त्यानं विचारलं, माझं नाव धोंडिबा का, माहीत आहे का तुला? बाईंना वाटत होतं, पणजोबांचं असेल. तसं नव्हतं. त्यांच्या आधीची दोन भावंडं गेली होती. हे तिसरे तापानं फणफणले, तेव्हा आईनं पाळण्यातलं नाव मोडलं आणि धोंड्या म्हणून हाक मारायला लागली. धोंडा कोण उचलून नेणार?

"मग पाळण्यातलं नाव काय होतं?"

"मला कुठं माहीत? तिनं मरेपर्यंत उच्चारलं नाही."

छप्पन साली दीक्षा घेतल्यावर धोंडिबांनी घरातले देव, उपास, अंगारे सगळं बाहेर काढलं होतं. नाव तेवढं ठेवलं. त्यावर आपला हक्क नाही असं ते म्हणाले, आणि वाटाण्याची टरफलं गोळा करत पुढं म्हणाले, "यमाला मी मानत नाही. पण त्याला नावपत्ता कळवायचं काम तू दरवर्षी चोख केलंस, ते सुद्धा ठळक अक्षरांत."

बाईंनी आयुष्यभर गोळा केलेल्या शहाणपणाचा इतका स्वस्तात निकाल कुणी लावला नव्हता. सोमवारी त्यांनी मच्छिंद्रला सांगितलं, नाव घ्यायचं नाही. पोटावर टाका असलेलं सात-आठ वर्षांचं पोर कुणाकडं आहे, एवढंच विचारायचं.

आणि मुलं निघू लागली. दगडू निघाला, भिकू निघाला, बिबवेवाडीत एक धोंडाबाई निघाली, शाळेत पहिली येणारी. चौदातली अकरा सापडली. शिवाय त्या कोपरा न फाडलेल्या कार्डावरचा 'वारलेला' रोहन. त्याच्या घरी मात्र बाई स्वतः गेल्या.

हडपसरच्या भाजीबाजारामागं दोन खोल्या होत्या. रोहनची आई चंद्रभागा उंबऱ्यात मेथीच्या जुड्या बांधत होती. बाईंना तिनं लगेच ओळखलं, उठून पाणी दिलं, चहा टाकला. शाळेतून आलेला पोरगा गळ्यातली टाय चघळत उभा होता. केरबा, तिनं सांगितलं. बाईंनी त्याचा सदरा वर केला. डाव्या बरगडीखाली आडवा टाका होता. शस्त्रक्रियेच्या वेळी त्या स्वतः शेजारी उभ्या होत्या.

मग पर्समधून अर्ज निघाला. समितीनं छापलेला. 'माझा पाल्य रोहन हा आजरोजी हयात असून', आणि खाली पालकाची सही. चंद्रभागा चौथीपर्यंत शिकलेली. तिनं अर्ज वाचला, आणि ज्या ठिकाणी नाव होतं त्यावर अंगठा दाबून धरला, झाकल्यासारखा.

"तुम्ही वाचिवलं, न्हाई कोन म्हनतंय?" ती म्हणाली. "पोटातलं तुम्ही काढलं. नावातलं म्या काढलं. आता तुमच्या कागदापायी त्ये परत आत घालू?"

बाईंनी समजावलं. चार वेळच्या औषधानं हा बरा झाला, हे सिद्ध झालं तर पुढच्या कित्येक मुलांचा त्रास निम्मा होईल. एका सहीनं याला काही होत नाही, हे डॉक्टर म्हणून सांगते.

"तुमाला खात्री हाय?"

"आहे."

"लेखी द्या."

ही गाठ पुन्हा कधीच येणार नाही, असं लेखी देणारा डॉक्टर अजून जन्मला नव्हता.

"मग मी काय लिहू याच्यापुढं?" त्यांनी विचारलं.

"त्यो गेला म्हनून लिवा," चंद्रभागा म्हणाली. "त्ये काय खोटं न्हाई." आणि एक जुडी त्यांच्या पिशवीत टाकली.

बारापैकी चार घरांनी सह्या दिल्या. त्यांनी नुसतीच जागा बदलली होती, नाव नाही. आठ घरांनी चंद्रभागेचंच उत्तर दिलं. बाईंनी समितीला कळवलं, नावाऐवजी नोंदणी क्रमांक घ्या, टाक्याचे फोटो घ्या, रक्त तपासा. समितीनं सभ्य उत्तर पाठवलं. उद्या कुणीही कुठल्याही मुलाचा टाका दाखवील. तरी नाव व पालकाची सही आवश्यक. मुदत महिनाअखेर. खरं तर बाई स्वतः त्या समितीवर असत्या, तर त्यांनी तेच लिहिलं असतं.

मच्छिंद्रनं तोडगा काढला. पालक म्हणजे आईच कशाला? बाप चालतो. आठही बापांशी तो बोलून आला होता आणि आठही तयार होते. बायकांना कळू द्यायचं नाही, एवढीच अट. सुरुवात केरबाच्या बापापासून करू, तो म्हणाला. पोपटराव आयटी पार्काच्या गेटवर वॉचमन आहेत.

यात खोटं काहीच नव्हतं. मूल जिवंत होतं, बाप खरा होता. बाई गाडी काढून गेल्या.

संगणकवाल्यांच्या बस आत जाण्याची वेळ होती. पोपटरावांनी बॅरिअर दुसऱ्या माणसाकडं सोपवला, टोपी नीट केली, अर्ज गाडीच्या बॉनेटवर ठेवला. पेन त्यांच्या खिशात होतं.

"तिला कळणार न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"न्हाई म्हंजे, उद्या पोरगं नुसतं शिंकलं तरी ती मला विचारंल. काय केलंस, कुनाला सांगितलंस. माझ्या तोंडावरनं वळखती ती." पेनाचं टोपण काढून ते थांबले. "पर तुम्ही म्हनताय तर करतो. तुमच्यामुळंच हाय त्यो."

बाईंनी हिशेब केला, फार वेळ लागला नाही. हे पोर कधीतरी आजारी पडणारच होतं, सगळी पडतात. त्या दिवशी चंद्रभागा त्याला त्यांच्याकडं आणणार की त्यांच्यापासून लांब नेणार? सही समितीकडं गेली, तर मूल त्यांच्या हातून जात होतं. कागदावर जिवंत, आणि दारात कधी न येणारं.

त्यांनी अर्ज उचलला. पोपटराव गोंधळले. चुकीचा नमुना आणला, असं बाईंनी त्यांना सांगितलं. आयुष्यातलं पहिलं खोटं नव्हे, पण कामातलं बहुधा पहिलंच.

तोच हिशेब उरलेल्या सात बापांनाही लागू होता; त्यांच्याकडं बाई गेल्या नाहीत. समितीकडं अठ्ठावीसचा आकडा गेला आणि पद्धत नामंजूर झाली. बाईंनी छत्तीस मुलांचा लेख लिहिला, आठ नावांच्या जागी 'पालकांच्या इच्छेनुसार नाव दिलेले नाही' अशी ओळ घालून. तो एका लहान नियतकालिकात आला. सॉफ्टवेअरवाल्याची प्रयोगशाळा हृदयरोगवाल्यांना मिळाली. पुढच्या पावसाळ्यात केरबाला ताप आला, तेव्हा चंद्रभागा दोन बस बदलून त्याला थेट अडगळीच्या खोलीत घेऊन आली. साधा मलेरिया निघाला.

सहा वर्षांनी परदेशातल्या एका मोठ्या अभ्यासानं तेच सांगितलं, हजाराहून जास्त मुलं मोजून: मऊ गाठींना चार वेळा पुरे. मग इथंही सगळीकडं चारच सुरू झालं.

आता हे सगळं कुणाला कितीला पडलं ते बघायचं. चंद्रभागेला ते एका नावाला पडलं, आणि ते नाव तिनं खुशीनं दिलं होतं. नम्रताबाईंचा तिसरा मजला गेला. त्यांनी ते जाणूनबुजून केलं होतं, त्यामुळं त्यांची तक्रार नाही. उरली त्या मधल्या सहा वर्षांतली, इतर हॉस्पिटलांमधली मुलं, ज्यांना चार वेळा पुरे असताना आठ वेळा औषध मिळालं. ती किती, हे कुणी मोजलेलं नाही. त्यांतली काही आज वर्गात पहिल्या बाकावर बसतात, आणि मागून कुणी हळू बोललं तर त्यांना ऐकू येत नाही.