दार तेवढं मोकळं

मी एक जुनं दगडी घर आहे. लोणावळ्यात रुळांच्या कडेला ड्रायव्हर-गार्डांची आळी होती, त्या आळीतलं. शेजारचं महिपती गार्डांचं घर मागेच विकलं गेलं. त्याला गुलाबी रंग लागला, मागे पोहायचा हौद झाला आणि शनिवार-रविवारी तिथे कान किटेपर्यंत गाणी वाजतात. सोमवारी मात्र ते माझ्याइतकंच मुकं असतं. मला हेवा वाटत नाही. बरं, थोडा वाटतो.

मित्रांनो, घाटातल्या कामावरून उरलेल्या काळ्या दगडांतून माझा जन्म झाला. माझे मालक अल्लाउद्दीनभाई; त्यांच्या आजोबांनी मला बांधलं. भाई स्वतः बँकर चालवायचे. बँकर म्हणजे घाट चढताना गाडीला मागून ढकलणारं इंजिन. अख्खी गाडी वर आणायची, सुटायचं आणि मुकाट परत खाली जायचं. गाडीतल्या लोकांना त्यांचं तोंडही दिसत नसे.

आळीची एक रीत होती. माणूस ड्युटीवर असताना दाराला कडी लावायची नाही, नुसतं लोटून ठेवायचं; तो परत येणारच, म्हणून. भाईंच्या बायकोनं, जैनबभाभींनी, ही रीत जन्मभर पाळली.

लोहगडवाडीचा नवसू दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी कारवीच्या काड्यांचे विणलेले तट्टे आणून माझी पश्चिमेची भिंत झाकतो. आमच्याकडची झड दगडातूनही आत शिरते. घर पावसाळाभर बंद राहणार असेल, तर दारावरसुद्धा तट्टा बांधतात. नवसू नवखा होता तेव्हाची गोष्ट. दार लोटलेलं, आतून आवाज नाही. घर बंद आहे असं समजून त्यानं दारही झाकलं. भाभी पाण्याची घागर घेऊन मागून आल्या.

"अरे, माझा माणूस ड्युटीवर गेलाय. दार झाकतोस होय रे?"

नवसूनं जीभ चावली आणि गाठी सोडल्या.

पुढे भाभी गेल्या. अजीम, त्यांचा मुलगा, पिंपरीला कारखान्यात लागला. भाई माझ्यात एकटेच राहिले. गेल्या हिवाळ्यात ते मोरीत घसरले आणि अजीम त्यांना घेऊन गेला. त्याचं काही चुकलं नाही. पण जाताना भाईंनी माझ्या चौकटीवर हात ठेवला, तेव्हा मला रडू आलं. घरांनाही येतं.

मे संपत आला. नवसू आला. त्याच्या फोनवर अजीमचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"नवसूकाका, या वर्षी घर बंदच राहील. दारही झाकून टाका."

भिंत झाकून झाली. नवसूनं शेवटचा तट्टा उचलला.  आळीत ज्या घराचं दार झाकलं गेलं, त्याचा माणूस पुन्हा आलेला मी पाहिलेला नाही. तिथे दलालच येतात.

नवसू तो घेऊन दारापुढे आला. मग त्यानं तट्टा ओट्यावर भिंतीला टेकवला.

"भाई ड्युटीवर हायती," तो पुटपुटला. "दार न्हाई झाकायचं."

पावसानं मला चांगलंच झोडपलं. दाराखालून पाणी आत आलं, लाकूड फुगलं. श्रावण उलटल्यावर एका रविवारी अजीम भाईंना घेऊन आला. कुलूप निघालं, दार निघेना. खिडकीतून आतलं पाणी बघून तो चिडला.

"अब्बा, मी काकांना बजावलं होतं. सगळं भिजवलं त्यांनी." त्यानं खिशातून फोन काढला.

"राहू दे," भाई म्हणाले. "तुझी अम्मी असती तर तिनंही झाकू दिलं नसतं. नवसूनं मला ड्युटीवर धरलंय."

त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि दाराला खांदा लावला. जन्मभर ढकलायचीच सवय. अजीमनं फोन खिशात टाकला आणि त्यांच्या मागून जोर दिला. दार उघडलं.

दोघांनी पाणी काढलं, कोरा चहा केला. संध्याकाळी लोकलनं परत निघाले. अजीमनं कुलूप लावलं. ओट्यावरच्या तट्ट्याकडे पाहिलं, अब्बांकडे पाहिलं आणि म्हणाला, "असू दे तिथंच."

मित्रांनो, तुमचंही एखादं घर कुठे बंद असेल. त्याला रंग नको, कौतुकही नको. अधूनमधून जा, खांदा लावून दार उघडा, आत बसून चहा प्या. आमचे भाई सध्या ड्युटीवर आहेत.