पाच मात्रांचं नाव

मंचरच्या त्या शाळेत मधली सुट्टी झाली की स्टाफरूममध्ये दोनच आवाज असत : डब्यांच्या झाकणांचा आणि कुणाच्या तरी मोबाइलचा. त्या दिवशी मोबाइल जयाचा होता. जया चित्रकला शिकवायची, आणि पोरं जे ऐकतात ते आपणही ऐकलंच पाहिजे, असा तिचा नेम होता.

"यशोधरा, हे ऐक ना. पिंपळवंडीचा पोरगा आहे. एमसी बिबट्या! माझी अख्खी नववी हेच म्हणत फिरते."

धडधडता बीट सुरू झाला आणि त्यावर एक तरणा, खर्जातला आवाज आला :

'दुसऱ्याच्या बांधावर खुरपं माझं चालतं रे,
मातीखाली हात माझा, वर नाव कुणाचं रे...'

यशोधराचा घास हातातच राहिला.

हे गाणं तिच्या वडिलांचं होतं. सोपान एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. संध्याकाळी निरगुडसरला घरी आले की आधी साबणाने हातांचं ऑइल काढायचे आणि मगच पेटीला हात लावायचे. चौदा एप्रिल आला की त्यांची गायन पार्टी गावोगाव जायची. त्यांना जाऊन सात महिने झाले होते. या सात महिन्यांत तिला त्यांचं एकही गाणं लावायचा धीर झाला नव्हता, आणि आज ते परक्या तोंडून, मेथीच्या भाजीच्या वासात, तिच्यासमोर वाजत होतं.

ती शेवटच्या ओळीची वाट पाहत राहिली. शाहीर गाण्याच्या शेवटी स्वतःचं नाव गुंफतो. त्याला छाप म्हणतात. या गाण्याची छाप होती 'सोपान म्हणे'.

'बिबट्या म्हणे, पिकाला या आता इचारू रे!'

सोपान, पाच मात्रा. बिबट्या, पाच मात्रा. एक नाव उचकटून त्याच्या जागी दुसरं कसं फिट्ट बसवलं होतं!

"काय झालं गं?" जयाने विचारलं.

"काही नाही," यशोधरा म्हणाली आणि तिने डबा बंद केला.

तो मुलगा तिला चांगला आठवत होता. शौर्य त्याचं खरं नाव; आवाज तिने लगेच ओळखला होता. वर्षापूर्वी तो त्यांच्या घरी आला होता. बाबा तेव्हा अंथरुणाला खिळले होते, तरी उशीला टेकून त्यांनी त्याला हे गाणं म्हणून दाखवलं होतं. रेकॉर्डिंग स्वच्छ यावं म्हणून यशोधरानेच पंखा बंद केला होता. दोनदा चहा झाला होता. "काका, तुमचं नाव पार मुंबईपर्यंत नेतो," असं म्हणून त्याने बाबांच्या पाया पडण्यासाठी वाकून हात पुढे केला, तेव्हा बाबांनी त्याला वरच्यावर धरलं होतं. पाया पडू दिलं नव्हतं. "आमच्यात असलं नसतं बाळा, जय भीम म्हण," असं म्हणून हसले होते.

यशोधराला भरपाई नको होती. तिला त्या मुलाची मान खाली गेलेली बघायची होती, आणि तीही त्याच्याच लोकांसमोर. आठवडाभर ती शांतपणे शिकवत राहिली, वह्या तपासत राहिली, आणि घरी आल्यावर हिपहॉपवर मिळेल ते वाचत राहिली. मग तिने रुपेशला फोन लावला. नारायणगावात एका हॉलमध्ये तो लोकांसमोर पॉडकास्ट करायचा आणि जुन्नर-आंबेगावच्या सगळ्या रॅपरांना बोलवायचा.

सगळं ऐकून रुपेश उडालाच. "मॅडम, रविवारी चार वाजता त्याचाच एपिसोड आहे. तुम्ही येताय हे त्याला सांगत नाही. डायरेक्ट समोरासमोर! राव, काय एपिसोड होईल!"

त्याचा तो उत्साह तिला ओंगळ वाटला. पण आपल्यालाही तेच हवं आहे, हे तिला कळत होतं.

आता साक्षीदार हवा होता. गेणभाऊंनी बाबांच्या पार्टीत चाळीस वर्षं ढोलकी वाजवली होती. ती शनिवारी दुपारी त्यांच्याकडे गेली.

"जय भीम, काका. उद्या नारायणगावला चला माझ्याबरोबर. गाणं कुणाचं ते तुमच्या तोंडून येऊ दे. त्या पोराला परत माइक धरायची लाज वाटली पाहिजे!"

गेणभाऊंनी तिला समोर बसवलं. मग म्हणाले, "यशू, तू शिकलेली. एवढी पुस्तकं वाचतीस. मला एक सांग, तुज्या बापानं जल्मात कदी खुरपं हातात धरलं व्हतं का?"

"बाबांच्या हातात पाना असायचा, काका. तुम्हाला माहीत आहे की."

"मंग 'खुरपं माझं' म्हनतंय ते कोन?"

"कवीला कल्पना करता येते."

"येती की. पर ही कल्पना न्हाई, पोरी. ह्ये गानं अंजनाचं हाय."

अंजना म्हणजे तिची आत्या. बाबांची थोरली बहीण. नवऱ्याने टाकल्यावर विशीत माहेरी आली आणि पुढची चाळीस वर्षं लोकांच्या रानात खुरपत राहिली.

"खुरपताना बांधलं व्हतं तिनं," गेणभाऊ म्हणाले. "पातीला बसलेल्या सगळ्या बाया म्हनायच्या. त्यात 'रं' नव्हतंच, 'गं' व्हतं. शेवटाला 'अंजना म्हणे'. सोपाननं ते पार्टीत घेतलं तवा मी म्होरं ढोलकी चढवीत व्हतो. मला म्हनला, गेणभाऊ, बाईचं नाव ठिवलं तर स्टेजवर चालायचं न्हाई. लोकं हासतील. माझं बसतंय का बग. म्या ठेका धरून बगितलं. बसलं. मीबी मान डोलावली. माजाबी हात हाय त्यात."

"खोटं आहे हे!" यशोधरा ओरडली. आयुष्यात ती वडीलधाऱ्यांवर कधी ओरडली नव्हती.

"खोटं असतं तर बरं झालं असतं," म्हातारा म्हणाला. "उद्या जायचं तर जा. पोरानं चोरी केली, ती चोरीच हाय. पर आपल्या घरातली झाकून दुसऱ्याची उघडी करशील, तर त्यो न्याय न्हाई, नुसतं भांडान हाय. सूड घ्यायचा तर मानसाचा नगं, त्या चुकीचा घे की! मानसं काय, आज हाईत, उद्या न्हाईत."

ती तशीच घरी आली. आत्या दारात मेथीच्या जुड्या बांधत बसली होती.

"आत्या, ते खुरप्याचं गाणं तुझं होतं?"

"कोन म्हनलं? गेण्या?" आत्याने मान वर केली नाही. "त्याच्या पोटात काय ऱ्हात न्हाई."

"तू इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"कुनाला बोलू? भाऊ व्हता. नवऱ्यानं टाकलेली भन त्यानं घरात घेतली. रोज त्याला वाढायचे आन मनात म्हनायचे, आज इचारील, उद्या इचारील. न्हाई इचारलं. आन आता त्यो गेला. राग काडू कुनावर? भिंतीवर?" तिने एक जुडी करकचून आवळली. "नावाचं येक सोड. त्यानं 'गं' काडला, त्ये मला लई लागलं. म्या बायांना हाक मारली व्हती. त्यानं ती बाप्यांना देऊन टाकली."

यशोधराला रडू यायला हवं होतं. आला तो राग. ज्या माणसासाठी सात महिने उशी भिजवली त्याच्यावरच आला. मेलेल्या माणसावर इतकं रागावता येतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

"उद्या मी काय बोलू, आत्या?"

"तुजा बाप. तुजं तोंड. तू बग."

खरं तर गप्प राहणं सोपं होतं. आत्या चाळीस वर्षं बोलली नव्हती, ती आता काय बोलणार? गेणभाऊ नारायणगावला येणार नव्हते. बाबांचं नाव स्वच्छ राहिलं असतं आणि सूडही मिळाला असता.

रविवारी हॉल भरला होता. ढगळ टीशर्ट, उलट्या टोप्या, आणि मागच्या भिंतीवर स्प्रेने रंगवलेला उसात दबा धरलेला बिबट्या. आधी जुन्नरच्या कॉलेजातल्या दोन मुली उभ्या राहिल्या. एकीने तोंडाने बीट धरला, दुसरीने मुली उभ्या असूनही थांब्यावर न थांबणाऱ्या बसवर असा रॅप केला की पोरांनी हॉल डोक्यावर घेतला. यशोधरालाही आवडला. उभं राहायचं आणि खरं ते तालात सांगायचं, बाबांची पार्टी तरी दुसरं काय करत होती?

मग शौर्य आला. टाळ्या, शिट्ट्या. रुपेशने घोषणा केली, "आणि आता आपला सरप्राइज पावणा!"

यशोधरा पुढे गेली. शौर्यने तिला लगेच ओळखलं आणि तो खुर्चीतून उठला. "ताई, तुम्ही? काका कसे आहेत?"

"गेले. सात महिने झाले."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"तुझं गाणं ऐकलं," ती म्हणाली. "सोपान कुठे गेले त्यातले?"

"ताई, ते सॅम्पल आहे. हिपहॉपमध्ये चालतं तसं."

"चालतं. पण ज्याचं घेतलं त्याचं नाव मानाने सांगतात. मी वाचून आलेय." मागे हशा पिकला. "तू नाव नुसतं गाळलं नाहीस, त्या जागी आपलं बसवलंस. का?"

शौर्यने रुपेशकडे पाहिलं. रुपेशने त्याच्याकडे माइक सरकवला.

"ते नाव ठेवलं असतं तर..." तो अडखळला. "आमच्याकडच्या यात्रेत चाललं नसतं. कमिटीवाले म्हणाले, गाणं भारी आहे, पण जयंतीवाल्यांचं नाव कशाला?"

मग मागून कुणीतरी ओरडलं, "शेम!" दुसरा ओरडला. मोबाइल वर झाले. त्या दोन मुली उठून उभ्या राहिल्या. शौर्यची मान खाली गेली. अगदी तिने मनात शंभरदा पाहिली होती तशीच! आणि खोटं कशाला सांगा, तिला ते गोड लागलं.

पण त्याचे शब्द तिच्या कानातून जाईनात. चाललं नसतं. बाईचं नाव ठेवलं तर चालायचं न्हाई. माणसं दोन, गावं दोन, जाती दोन, आणि कारण तेच!

"थांबा!" ती म्हणाली. "व्हिडिओ चालू ठेवा, पण ओरडू नका. मला पुढचं सांगायचंय."

आणि तिने सांगितलं. "हे गाणं माझ्या वडिलांचंही नाही. माझ्या आत्याचं आहे. अंजना. चाळीस वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनी तिचं नाव काढून आपलं घातलं. बाईचं नाव चालणार नाही म्हणून. आज या मुलाने माझ्या वडिलांचं काढलं, कारण आमचं नाव चालणार नाही म्हणून. माझे वडील मला फार प्रिय होते. पण त्यांनी केली ती चोरी होती."

त्या दोन मुली खाली बसल्या.

ती शौर्यकडे वळली. "मी तुला माफ केलेलं नाही. तू आमच्या घरात बसून शब्द दिला होतास. पण हे गाणं उद्या उतरवायचं आणि पुन्हा करायचं. 'अंजना म्हणे' असं. आणि 'रे' नाही, 'गं'."

"बिबट्या 'गं' म्हणणार?" मागून कुणीतरी खिदळलं.

शौर्यने माइक उचलला. पहिल्यांदा सवयीने 'रे'च आलं. तो थांबला, डोळे पुसले, आणि बीटशिवाय, नुसता म्हणाला :

'अंजना म्हणे, पिकाला या आता इचारू गं!'

"हे असंच म्हणणार," तो म्हणाला. "यात्रेत पण. नाय वाजवलं तर नाय वाजवलं!"

पुढच्या रांगेतल्या त्या दोघी मुलींनी 'गं' उचलला, आणि मग सगळ्या हॉलने.

नवं गाणं आलं तेव्हा यशोधराने ते आत्याला ऐकवलं. आत्याने डोळे मिटून पूर्ण ऐकलं. भावाविषयी ती त्या दिवशीही काही बोलली नाही. इतकंच म्हणाली, "लई पळवतोय. खुरपं येवढं जलद चालतं व्हय? म्हनावं, हितं ये. बसवून देते."

मित्रहो, 'चालणार नाही' हा शब्द आपण सगळेच रोज वापरतो. त्या एका शब्दाखाली कुणाची जात झाकतो, कुणाचं बाईपण झाकतो आणि त्यांच्या कष्टांवर आपलं नाव कोरतो. परक्याने आपलं नाव खोडलं की आपण पेटून उठतो, आणि उठावंच. पण घरातल्या कुणाचं नाव आपल्या माणसाने खोडलंय, हेही त्याच रागाने विचारलं पाहिजे. तेव्हा ज्याचं आहे त्याचं नाव घ्या. मोठ्याने घ्या. आणि जिथे ते चालत नाही, तिथे सगळ्यात आधी घ्या!