घासून काढलेला दगड

मेट्रनबाईंना निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली होती. पण निवृत्त झाली ती नोकरी, बाई नव्हे. इस्पितळाच्या वॉर्डातली शिस्त त्यांनी जशीच्या तशी घरी आणली आणि घरच्यांनीही ती निमूट पाळली. त्या शिस्तीचा पहिला नियम असा, की हात चालू असताना तोंड बंद. जखम बांधताना परिचारिका बोलू लागली की तिचे चित्त उडते, हे खरेच आहे. परंतु चादरीच्या घड्या घालताना चित्त उडाले म्हणून चादर काही दगावत नाही, हे बाईंना कोणी सांगायचे? सूनबाई नवी असताना एकदा घड्या घालता घालता माहेरचे काही सांगू लागली, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "आधी काम, मग कथा." काम संपेपर्यंत कथा विरून गेली. पुढे ती कथा काढायचीच बंद झाली.

बाईंचे यजमान घड्याळजी. त्या गृहस्थाने उभा जन्म डोळ्याला भिंग लावून खसखशीएवढ्या स्क्रूंशी संसार केला, आणि उरलेल्या वेळात बाईंशी. आता त्या डोळ्यांनी संप पुकारला होता. नजरेचा मधला भाग पुसट झाला होता. भर उन्हात तेवढे बरे दिसे, सावलीत सगळेच धुके. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले, की जे आहे ते पुढच्या हिवाळ्यापर्यंत टिकेल अशी आशा धरू नका.

त्या दिवशी इस्पितळातून परत येताना घड्याळजी म्हणाले, "मला एकदा रानबकरे बघायचेत. गरम झऱ्यांच्या दरीत पहाटे डोंगरावरून खाली उतरतात."

"बकरे बघायला एवढ्या लांब? मंडईमागे काय कमी आहेत?"

"अगं, जन्मभर बारीकच बघत आलो. एकदा काहीतरी मोठं बघू दे."

या माणसाने आजवर काही मागितले नव्हते. बाईंनी वरवर नाक मुरडले आणि दुसऱ्याच दिवशी लेकाला गाडी काढायला आणि सूनबाईला सामान बांधायला सांगितले. सामानात लोकरीचे कपडे, डोळ्यांचे थेंब आणि औषधे होती. तळाशी ताठ केसांचा ब्रश, धुण्याचा सोडा आणि रबरी हातमोजेही होते. बाई कोठेही गेल्या तरी ही तीन शस्त्रे बरोबर असत.

दरीत पोचल्यावर लेक पाठीवर पिशवी टाकून इतर हौशी मंडळींबरोबर डोंगर चढायला निघून गेला. विश्रामगृह लाकडी होते. खुंट्यांवर ओले पंचे, दाराशी चिखलाचे बूट, आणि खाली एकाखाली एक दगडी कुंडे. त्यांतून वाफ निघे आणि सगळीकडे उकडलेल्या अंड्यांचा वास भरून राही.

"कुठं काही मेलंय का?" बाईंनी व्यवस्थापिकेला विचारले.

"गंधकाचा वास आहे, आजी. सांध्यांना फार गुणकारी."

"माझे सांधे ठणठणीत आहेत. आणि आजी कोणाची, ते एकदा ठरवून घे."

मग बाई खोली तपासायला गेल्या आणि व्यवस्थापिकेने घड्याळजींना हाताला धरून गच्चीवरच्या बाकावर नेऊन बसवले आणि बकरे कोठे, कसे येतात ते समजावून सांगितले. दुपारी सूनबाई त्यांच्या डोळ्यांत थेंब घालत होती, तेव्हा ते लहान मुलासारखे खुलले होते.

"शेवटच्या कुंडाखाली तो पांढरा दगड आहे ना, त्यावर झऱ्याचं पाणी वाळून मीठ साठतं. वर्षानुवर्षांचं. अंधार असतानाच बकरे येतात आणि चाटत बसतात. दगडावर ऊन आलं तरी हलत नाहीत म्हणे! तेवढ्या उन्हात मलासुद्धा दिसतील."

हे बोलणे बाईंच्या कानी पडले नाही. त्या न्हाणीघरात गळक्या नळाची कानउघाडणी करत होत्या.

संध्याकाळच्या सुमारास त्या गच्चीवर आल्या. बाक पाहिला, समोर हाताच्या अंतरावर म्हणावा असा तो सपाट दगडही पाहिला. त्याच्या कडेने कोमट पाण्याची धार वाहत होती. बाईंच्या मनात आले, की बकरे बघून झाले की यांना तेथे नेऊन बसवावे, गार पडलेल्या पावलांना मस्त शेक मिळेल. पण त्या दगडावर कोण बसवणार? पांढऱ्या पिवळ्या खपल्या, त्यांवर राप. जुन्या जखमेसारखा दिसत होता तो.

"सूनबाई, पदर खोच. ब्रश आण."

दोघी खाली उतरल्या. बाईंनी सोडा पसरला आणि गुडघे टेकून घासायला सुरुवात केली. खपल्या सुटून धारेबरोबर वाहू लागल्या.

"आई, हा दगड..."

"पाणी ओत."

"पण आई, बाबा म्हणत होते, की..."

"आधी काम, मग कथा."

सूनबाईने पाणी ओतले. दगडाचा मूळचा करडा रंग उघडा पडला. बाई कमरेवर हात ठेवून उठल्या. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हते. "हं, आता बोल. काय म्हणत होतीस?"

सूनबाईने दगडाकडे पाहिले. "काही नाही, आई."

त्या 'काही नाही'मध्ये थोडी भीती होती, थोडा थकवा होता, आणि खोटे कशाला बोलावे, थोडे उट्टेही होते.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तिघे बाकावर येऊन बसले. घड्याळजी घोंगडीत गुरफटलेले, मागे सूनबाई. अंधार पातळ झाला तशी वरच्या कड्यावर हालचाल झाली, दगडगोटे घरंगळले आणि रानबकरे एकामागून एक उतरले. बाईंची नजर आजही घारीची. रोगी मोजावेत तसे त्यांनी ते मोजले.

"आले," घड्याळजी कुजबुजले. "खुरं वाजतायत. मला नुसत्या सावल्या दिसतायत, पण घाई नाही. चाटू दे निवांत. ऊन आलं की बघतो."

पुढच्या मोठ्या बकऱ्याने दगडाला जीभ लावली. मान वर केली. दुसऱ्या बाजूने लावली. मग सोडा नाकात गेल्याने तो फुरफुरला, खूर आपटला आणि वळला. त्याच्यामागे सगळा कळप वळला. पाहता पाहता कडा रिकामा झाला. मग ऊन उतरले आणि त्या स्वच्छ, चकचकीत दगडावर नेमके येऊन पडले.

"का गं, आवाज थांबला?"

"गेले ते."

"गेले? मीठ सोडून?"

"कसलं मीठ?"

घड्याळजींनी सांगितले. बाईंनी सगळे ऐकून घेतले. मग सुनेकडे वळल्या.

"काल तू हेच सांगत होतीस?"

"हो."

"मग नंतर विचारलं, तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तेव्हा सांगून मीठ परत आलं असतं का, आई?"

उलट उत्तर! एरवी घर डोक्यावर घेतले असते. पण बाई यजमानांकडे वळल्या. क्षणभर मनात आले, की वाऱ्याने आपला वास त्यांच्याकडे गेला म्हणावे, माणसाला बुजले म्हणावे. यांना कोठे दिसते आहे! पण बाईंनी आयुष्यात चुकीचे औषध दिले नव्हते, आणि दिले असते तर लपवले नसते.

"अहो, तो दगड काल मी घासला. सोड्यानं."

"कशाला?"

"तुमचे पाय शेकायला."

घड्याळजी रागावले असते तर बाईंना सोपे गेले असते. रागाला पुरून उरण्यात त्यांची हयात गेली होती.  पण ते घोंगडी नीट करत म्हणाले, "पाय मात्र खरंच गार पडलेत."

त्या दिवशी बाईंनी परतणे पुढे ढकलले. स्वयंपाकघरातून मिठाची पिशवी मागून आणली आणि स्वतःच्या हातांनी दगडावर पसरली. वाफेने ते मीठ ओले होऊन धारेला लागले. तिसऱ्या पहाटे बकरे वरच्या कड्यावरच रेंगाळले आणि तेथूनच माघारी गेले.

"थर धरेल, पण सावकाश," व्यवस्थापिका म्हणाली. "पुढच्या हिवाळ्यात या."

 डोंगरावरून परतलेला लेक सामान गाडीत ठेवू लागला. सूनबाईने बाबांना दगडावर बसवून त्यांचे पाय धारेत सोडले. बाई शेजारी बसल्या. हातांना काहीच काम नव्हते.

"तू तर बघितलेस ना?" घड्याळजींनी विचारले.

"बघितले. सोळा होते. दोन पिल्लं."

"ते झालं. दिसत कसे होते?"

बाईंनी आठवून पाहिले. "मोठे होते. तपकिरी. शिंगं मागं वळलेली."

"किती वळलेली? पाठीला टेकत होती?"

 बाईंनी मोजले होते, पाहिले नव्हते. "ते नाही लक्षात राहिलं हो," त्या म्हणाल्या.

"असू दे. आणि पिल्लं? आईला चिकटून होती, की मागं राहत होती?"

गाडीशी उभा असलेला लेक घड्याळ पाहत होता. बाईंनी त्याला हाताने थांब अशी खूण केली आणि डोळे मिटून पिल्ले आठवू लागल्या.