आंबेनळीच्या दरडी, विभाग लोककथा

आंबेनळी घाटात दरड कोसळण्याआधी झरे गढूळ होतात, हे मी प्रबंधात मांडलं होतं. मार्गदर्शक कुलथेसरांनी तो फेटाळला. "राजश्री, ह्या निव्वळ गावगप्पा आहेत."

यंदा तोच प्रबंध त्यांच्या नावाचा लेख होऊन माझ्यासमोर आला. पोलादपुरात घरी बसून मी एका संशोधन नियतकालिकाच्या लेखांना एक्सएमएल या संगणकीय भाषेत विषयाचे टॅग लावते. टॅग बघूनच वेबसाइट लेख त्या त्या विभागात टाकते. माझे हात शिवशिवले. भूगर्भशास्त्र खोडलं आणि लोककथा टाकलं. सरांनी प्रूफात फक्त स्वतःचं नाव तपासलं.

लेख प्रसिद्ध झाला तसा नियतकालिकाकडून टॅग लावणाऱ्याचा नंबर घेऊन त्यांनी फोन केला. "माझं संशोधन लोककथांत कुणी घातलं?"

"मीच, सर. गावगप्पा तुम्हीच म्हणाला होतात. तुमचा शब्द मी कसा मोडणार?"