दादरचा आवाज

अभिषेक सरांनी तबल्याच्या काठावर बोट मारलं, मान कलती करून नाद विरेपर्यंत ऐकला आणि पुन्हा मारलं. कोंडीराम भिंतीला टेकून बसला होता. सरांच्या चेहऱ्याकडे बघायचा त्याला धीर होत नव्हता.

"छान आहे काका. खरंच छान आहे."

दाराशी उभ्या असलेल्या अनुजाने, कोंडीरामच्या मुलीने, धरून ठेवलेला श्वास सोडला. सरांच्या क्लासला साठेक मुलं. त्यांनी एकदा 'इथून घ्या' म्हटलं असतं, तर नायगावच्या या चाळीतल्या खोलीत सुरू केलेलं काम उभं राहिलं असतं.

"पण तो दादरचा आवाज नाही यात," सर म्हणाले.

कोंडीरामने खाली बघितलं. चव्वेचाळीस वर्षं तो नानांच्या दुकानामागच्या खोलीत तबले मढवत होता. पाटीवर 'दादर वाद्यघर', पण वाजवणाऱ्यांच्या तोंडी नुसता 'दादरचा'. "दादरचा आहे का?" असं लोक विचारत, आणि आत कोंडीराम तबल्याच्या तोंडावरच्या पुडीवर काळ्या शाईचा थर चढवून दगडाने घासत बसलेला असे. त्याला कधी कुणी बाहेर बोलावलं नाही, आणि त्यालाही कधी जावंसं वाटलं नाही. कोकणातल्या देवळात वाजवणाऱ्या गुरवाचा तो मुलगा. वाद्य बोललं म्हणजे झालं, एवढंच त्याला ठाऊक.

नाना गेले. नातवाने, विनीतने, दोन वर्षांपूर्वी दुकान एका कंपनीला विकलं. कोंडीराम विचारायला गेला तेव्हा विनीत मान खाली घालून म्हणाला, "काका, त्यांनी नाव घेतलंय. वर्कशॉप नाही घेतलं."

"नवी पुडी आहे सर," कोंडीराम आता म्हणाला. "वाजवा सहा महिने. आवाज उघडेल."

"दादरचा पहिल्या दिवसापासून बोलायचा, काका."

नव्हता बोलत. तोही सहा-सहा महिने घ्यायचा. गिऱ्हाईक कुरकुरलं की नाना गल्ल्यावरून हसून म्हणत, "घेऊन जा, वाजव, उघडेल." आणि गिऱ्हाईक थांबायचं. ते कुणाच्या भरवशावर थांबायचं, हे कोंडीरामला आज, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कळत होतं.

सरांनी पिशवीतून स्वतःचा तबला काढला. "याची एक वादी तुटलीय. तेवढी बघता?"

मांडीवर घेताच कोंडीरामच्या बोटांना तो कळला. शिसवीचं खोड, एका बाजूला किंचित जड. वीस वर्षांपूर्वी त्याने तो मढवला, त्या वर्षी त्याच्या बायकोला, सुभद्राला, टायफॉइड झाला होता. दिवसा केईएममध्ये बसून तो संध्याकाळी येऊन ही पुडी घासत असे. शाई उजवीकडे केसभर जाड राहिली होती. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसतं.

"सर, हा अप्पांनीच केलाय," अनुजा म्हणाली. "दादरचे सगळेच."

सर हसले. वाईट माणूस नव्हता तो. "राग मानू नका ताई. दुकान विकल्यापासून मी त्याच कारागिराला शोधतोय. परळला एकाने सांगितलं, मीच तो. लालबागला दोघांनी. कुणाचं खरं मानू?" मग सरांनी खरोखरच आशेने विचारलं, "काका, काही खूण असते का तुमची? आत कुठे नाव वगैरे?"

कोंडीरामचा हात थांबला.

ठसा होता. सुभद्राने गिरगावातून करून आणलेला, पितळी, बोटाच्या पेराएवढा. त्यावर 'कोंडीराम' अशी चार अक्षरं. "अहो, पुडीच्या आतल्या अंगाला मारा. कुणाला दिसायचा नाही," ती म्हणाली होती. तो चिडला होता. "नानांच्या मिठाला जागायचं की नाही? हात माझा, नाव दुकानाचं. असंच असतं ते."

"असंच असतं?" ती म्हणाली होती. "मग उद्या दुकान नसलं तर तुम्ही कोण?"

ठसा त्याने डब्यात टाकला होता; एकदाही मारला नव्हता. सुभद्राला जाऊनही आता चार वर्षं झाली होती.

"नाही सर," तो म्हणाला. "खूण काही नाही."

"अप्पा, शाईवरून ओळखता ना तुम्ही, ते सांगा! तुम्हाला सगळं आठवतं."

"वादी ओढू दे गो."

त्याने चामड्याची नवी वादी ओवली, ओढली, हातोडीने काठ चारी बाजूंनी ठोकत सुरात आणला. बोटं आपली आपण चालत होती. सरांनी तबला घेऊन वाजवला आणि त्यांचे डोळे मिटले.

"हा! ऐका काका. हा तो आवाज. आता असं कोण करणार?"

अनुजा झटकन बाहेर गॅलरीत गेली.

कोंडीराम ऐकत राहिला. आवाज खरंच सुरेख होता. वीस वर्षांत किती मोकळा झाला होता! आपल्या हातून निघालेलं वाद्य वीस वर्षांनी कसं बोलतं, हे त्याने कधी ऐकलंच नव्हतं. क्षणभर त्याला नुसता आनंद झाला. मग तो आनंद कुणाला सांगायचा, हे त्याला कळेना.

"हात चांगला आहे तुमचा," सर उठताना म्हणाले. "रिपेअरिंगसाठी क्लासच्या मुलांना पाठवीन. नाव काय टाकू?" त्यांनी फोन काढला.

"कोंडीराम गुरव."

सरांनी टाइप केलं आणि फोन त्याच्यापुढे धरला. स्क्रीनवर होतं: 'तबला रिपेअर नायगाव'.

"असं टाकलं की पटकन सापडतं. नंबर बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

तबला त्याने सरांना उचलू दिला नाही. छातीशी धरून, एकेक पायरी चाचपत तो स्वतः तीन जिने उतरला. टॅक्सी उभी होती. मागच्या सीटवर त्याने खांद्यावरचा पंचा चौघडी करून अंथरला आणि त्यावर तबला ठेवला. धक्का लागू नये म्हणून पंच्याची टोकं दोन्ही बाजूंनी आत खोचली.

"काका, पंचा राहील तुमचा."

"असू द्या," तो म्हणाला आणि टॅक्सीचं दार हळूच, आवाज न करता, लावून घेतलं.